शासकीय इतमाम आणि पुढाऱ्यांचे पूर्वदोष

मराठीत माणूस मरण पावला की त्याच्या नावामागचा 'श्री.' गळून पडतो आणि तेथे 'कै.' येतो. हा बदल इतका अंगवळणी पडला आहे की त्यात एक निवाडा दडलेला आहे, याची जाणीव बोलणाऱ्याला राहत नाही. मृताने हयातीत काय केले याची कसलीही चौकशी न करता भाषा त्याला कैलासात नेऊन बसवते. क्रियापदांचेही तसेच आहे. जनावर मरते, शत्रू मरतो. आपला माणूस वारतो, निवर्ततो, कालवश होतो, त्याला देवाज्ञा होते. सरकारी कागदावर मात्र तो 'मयत' असतो. हा अरबीतून आलेला शब्द दफ्तरात रुळल्यामुळे पुण्यपापापासून बराचसा अलिप्त राहिला आहे. मृत व्यक्तीच्या बाबतीत जर कोठे तटस्थता शिल्लक असेल, तर ती तलाठ्याच्या दफ्तरातच म्हणावी लागेल.

परंतु त्याच भाषेने 'मेल्या म्हशीला मणभर दूध' ही म्हणही जपून ठेवली आहे. गेलेल्याची स्तुती किती फुगते, हे समाजाला पक्के ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही तो ती करीत राहिला. सुतकाच्या दिवसांत वाईट बोलावयाचे नाही हा दंडक, आणि त्या बोलण्यावर विश्वासही ठेवावयाचा नाही हे व्यवहारज्ञान, अशी ही दुहेरी सोय आहे. घरगुती मृत्यूपुरती ती चालून जाते. अडचण निर्माण होते ती मृत व्यक्ती सार्वजनिक असेल, तिच्यावर न्यायालयाने किंवा चौकशी आयोगाने ठपका ठेवलेला असेल, आणि 'कै.' म्हणण्याचे काम नातेवाइकांऐवजी शासनच करीत असेल तेव्हा.

प्रश्न जुना आहे. वाल्मीकीच्या युद्धकांडात रावण पडल्यावर बिभीषण त्याचे अंत्यसंस्कार करण्यास कचरतो, आणि त्याचे कारण रावणाचे आचरण हेच असते. राम त्याला समजावतो की वैराची मर्यादा मरणापर्यंतच आहे, संस्कार झाले पाहिजेत. मृत पुढाऱ्यांविषयीच्या प्रत्येक वादात या प्रसंगाचा आधार घेतला जातो. पण तो आधार घेताना एक भेद सहसा नजरेआड होतो. संस्कार हा मृताचा आणि आप्तांचा हक्क आहे. इतमाम हा राज्यसंस्थेने जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे. 'इतमाम' हा शब्द मुळात अरबी 'इहतिमाम', म्हणजे काळजी, देखरेख, बंदोबस्त. मराठीत येऊन त्याला थाटाचा, वैभवाचा अर्थ चिकटला. 'शासकीय इतमाम' या जोडशब्दात हे दोन्ही अर्थ नांदतात: सरकार बंदोबस्तही ठेवते आणि थाटही करते, आणि बंदोबस्तासाठी म्हणून केलेला थाट पुढे गौरव ठरतो.

या भेदाचे आधुनिक उदाहरण म्हणून आयर्लंडकडे पाहणे उपयुक्त आहे. चार्ल्स हॉही हे १९७९ ते १९९२ या काळात तीन वेळा तेथील पंतप्रधान झाले. बेन डन या व्यापाऱ्याकडून त्यांनी १३ लाख पौंड घेतल्याचे १९९७ मध्ये मॅक्क्रॅकन न्यायाधिकरणापुढे उघड झाले, आणि पुढील चौकशीसाठी मॉरिअर्टी न्यायाधिकरण नेमले गेले. ती चौकशी चालू असतानाच १३ जून २००६ रोजी हॉही वारले. १६ जूनला त्यांचा अंत्यविधी शासकीय इतमामाने झाला आणि तत्कालीन पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी थडग्यापाशी गौरवपर भाषण केले. सहा महिन्यांनी, डिसेंबर २००६ मध्ये, न्यायाधिकरणाचा अहवाल आला. १९७९ ते १९९६ या अवधीत हॉहींना ९० लाखांहून अधिक पौंड मिळाले होते. आजारी सहकारी ब्रायन लेनिहान यांच्या यकृताच्या शस्त्रक्रियेसाठी जमवलेल्या निधीतील मोठा भागही त्यांनी स्वतःकडे वळवला होता. शासनाचा गौरव आणि शासनाने नेमलेल्या न्यायाधिकरणाचा निष्कर्ष एकाच वर्षात समोरासमोर उभे राहिले, आणि तेथील जनतेला अंत्यविधी आधी व अहवाल मागून असा उलटा क्रम पाहावा लागला. लोकांनी पुढाऱ्यावर रुष्ट व्हावे आणि त्याच्या प्रेतामागून मात्र अफाट संख्येने चालावे, ही गोष्ट त्या देशाला नवी नव्हती. पार्नेल यांचे राजकारण एका घटस्फोटाच्या खटल्याने मोडले, धर्मगुरूंनी व त्यांच्याच पक्षातील बहुसंख्यांनी त्यांना सोडले. तरी ऑक्टोबर १८९१ मधील त्यांच्या अंत्ययात्रेला डब्लिनमध्ये प्रचंड जनसमुदाय लोटला होता.

आयर्लंडची ही वाट महाराष्ट्राला परकी नाही. टिळकांनी १९१६ मध्ये स्थापलेल्या संघाचे 'होमरूल' हे नावच तिकडून आलेले. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे सरदारगृहात निधन झाले आणि गिरगावच्या चौपाटीवर, स्मशानाबाहेर, लाखोंच्या उपस्थितीत त्यांचे दहन झाले. कायद्याच्या दृष्टीने ते राजद्रोहाबद्दल १८९७ आणि १९०८ अशी दोनदा शिक्षा झालेले गृहस्थ होते. इंग्रज सरकारने दहनाला परवानगी दिली, इतमाम दिला नाही. देण्याचा प्रश्नच नव्हता. राज्याचा निवाडा एकीकडे, लोकांचा दुसरीकडे, आणि कोणाच्याही मनात त्यांची गल्लत नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीत टिळकांच्या उद्गारांची शिला बसवली गेली आणि मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते तिचे अनावरण झाले. न्यायसंस्थेने आपला पूर्वीचा निवाडा प्रतीकरूपाने मागे घेतला. पण त्याला छत्तीस वर्षे लागली, आणि ते चितेपाशी नव्हे तर न्यायालयाच्या आवारात घडले.

याच्या नेमके उलट उदाहरण आगरकरांचे. पुण्याच्या सनातनी मंडळींनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. पुतळ्याची तिरडी बांधून विरोधकाला हयातीतच 'मृत' ठरवण्याचा जो प्रकार आज प्रत्येक मोर्चात दिसतो, त्याचे हे फार प्रसिद्ध असे पूर्वरूप. स्वतःच्या दहनाचा खर्च कोणावर पडू नये म्हणून आगरकरांनी पैशाची पुरचुंडी बांधून ठेवली होती, असे सांगितले जाते. इतमामाच्या इतिहासात या पुरचुंडीची नोंद कोणीतरी घ्यावयास हवी.

सावरकरांचा मृत्यू (२६ फेब्रुवारी १९६६) या दोहोंमध्ये कोठेतरी पडतो. गांधी-हत्येच्या खटल्यातून १९४९ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता झाली होती. तरी ना राज्य सरकारने दुखवटा पाळला, ना केंद्राने. त्याच वर्षी नोव्हेंबरात गांधी-हत्येच्या कटाची चौकशी न्यायमूर्ती कपूर यांच्याकडे आली आणि १९६९ मध्ये तिचा अहवाल सादर झाला. तो सावरकरांना अनुकूल नव्हता. असे असताना १९७० मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले आणि २००३ मध्ये संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र लागले. गौरव नाकारण्याची कारणे आणि देण्याची कारणे कागदपत्रांतून आली नाहीत, सत्तेच्या बदलत्या रंगातून आली, हे येथे स्पष्ट दिसते.

येथवरची उदाहरणे मोठ्या शहरांची. पुढाऱ्यांच्या वर्तनाचा हिशेब त्यांच्या हयातीतच मागावयाचा, असा आग्रह ज्या गावाच्या नावाशी जोडला गेला, ते गाव पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी होय. सैन्यातून निवृत्त होऊन किसन बाबूराव तथा अण्णा हजारे १९७५ मध्ये येथे परतले आणि यादवबाबांच्या देवळात राहू लागले. दारूबंदीच्या आरंभीच्या काळात दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून मारण्याची शिक्षा गावात दिली जात असे. ती पद्धत कोणाही विचारी माणसाला रुचणार नाही. पण तीमागची धारणा ध्यानात घेण्यासारखी आहे: दोष सार्वजनिक असेल तर त्याचा निकालही सार्वजनिक, आणि तो जिवंतपणी. १९९१ नंतर भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलनाच्या रूपाने हीच धारणा मंत्रालयापर्यंत गेली. युती सरकारच्या काळात अण्णांच्या आरोपांनंतर दोन मंत्र्यांना पदे सोडावी लागली; आणखी एका मंत्र्याने केलेल्या अब्रूनुकसानीच्या खटल्यात सप्टेंबर १९९८ मध्ये खुद्द अण्णांना येरवड्याच्या तुरुंगात जावे लागले, आणि जनक्षोभानंतर सरकारने त्यांना सोडले. २००३ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत आयोग नेमला गेला. २००५ च्या त्याच्या अहवालाने काही मंत्र्यांवर ठपका ठेवलाच. शिवाय हिंद स्वराज ट्रस्टचे २ लाख २० हजार रुपये अण्णांच्या वाढदिवसाच्या समारंभावर खर्च झाल्याबद्दल राळेगणच्या बाजूलाही सोडले नाही. फिर्यादीचेही माप काढणारा आयोग म्हणून त्याची योग्यता मोठी आहे.

या पार्श्वभूमीवर २०१२ हे वर्ष पाहावे. त्या वर्षी तीन महिन्यांच्या अंतराने महाराष्ट्रात दोन मोठे शासकीय अंत्यविधी झाले, आणि दोन्ही मृत व्यक्तींचा राळेगणशी निरनिराळ्या प्रकारे संबंध आलेला होता.

पहिले विलासराव देशमुख. ऑगस्ट २०११ मध्ये रामलीला मैदानावरील उपोषण मिटवताना पंतप्रधानांचे पत्र घेऊन अण्णांकडे गेले ते विलासराव. त्याआधी डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बुलढाणा जिल्ह्यातील सावकारीच्या एका प्रकरणात, मुख्यमंत्री असताना त्यांनी पोलिसांच्या कामात केलेल्या हस्तक्षेपावरून राज्य सरकारला १० लाख रुपयांचा दंड केला होता. जून २०१२ मध्ये 'आदर्श' सोसायटीच्या चौकशी आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. १४ ऑगस्टला चेन्नई येथे त्यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी, स्वातंत्र्यदिनी, बाभळगावी शासकीय इतमामात दहन झाले. ते विद्यमान केंद्रीय मंत्री असल्याने इतमामाविषयी आक्षेप घेण्यास जागा नव्हती, आणि कोणी तसा घेतल्याचा गाजावाजाही झाला नाही. डिसेंबर २०१३ मध्ये आदर्श आयोगाचा अहवाल विधिमंडळात आला. सोसायटीला राजकीय आश्रय देणाऱ्यांत त्याने ज्या माजी मुख्यमंत्र्यांची नावे घेतली त्यांत विलासरावांचेही होते. मंत्रिमंडळाने अहवाल आधी फेटाळला आणि जानेवारी २०१४ मध्ये अंशतः स्वीकारला. साक्ष, अंत्यविधी, अहवाल हा क्रम हॉहींच्या बाबतीत होता तोच. फरक एवढाच की डब्लिनमध्ये त्यावर वाद झाला, लातुरात झाला नाही. आयोगाचा ठपका म्हणजे न्यायालयाची शिक्षा नव्हे, हे खरेच. पण वाद न होण्याचे ते कारण नव्हते. विलासरावांविषयीचा लोकांचा जिव्हाळा आणि अहवालाला लागलेला विलंब ही कारणे अधिक संभवतात.

दुसरा अंत्यविधी बाळासाहेब ठाकरे यांचा. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी दुपारी 'मातोश्री'वर त्यांचे निधन झाले. १८ तारखेला शिवाजी पार्कवर तिरंग्यात लपेटलेल्या त्यांच्या पार्थिवाला पोलिसांनी मानवंदना दिली आणि लाखोंच्या साक्षीने दहन झाले. मुंबईत सार्वजनिक जागी दहन होण्याचा हा प्रसंग टिळकांनंतरचा पहिलाच, असे त्या वेळी सर्वत्र लिहिले गेले. तुलना स्थळापुरती बरोबर आहे. शासनाच्या भूमिकेपुरती ती उलटी आहे. १९२० मध्ये राज्यसंस्थेने आपला निवाडा कायम ठेवून लोकांना वाट दिली. २०१२ मध्ये राज्यसंस्थेने आपल्याच निवाड्यांवर तिरंगा पसरला.

ते निवाडे कोणते, हे तारखांनिशी सांगणे आवश्यक आहे, कारण त्या दोन दिवसांच्या वर्णनांतून ते बहुतांशी 'वादग्रस्त' या एकाच विशेषणात गुंडाळले गेले. (हे विशेषण मराठी मृत्युलेखांची मोठी सोय आहे. त्याने दोष मान्यही होतो आणि सांगावाही लागत नाही.) १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतील धर्माधारित प्रचाराबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली, ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला, आणि १९९९ मध्ये ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. दुसरा निवाडा अधिक गंभीर. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या मुंबईतील दंगलींत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान व २७५ हिंदू होते. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग १९९३ मध्ये नेमला गेला, जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारने तो गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा उभा केला, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याने अहवाल दिला. जानेवारीच्या दंगलीत ठाकरे यांनी मुरब्बी सेनापतीप्रमाणे आपल्या सैनिकांना चाल करण्यास सांगितले, असा त्याचा निष्कर्ष होता. ऑगस्ट १९९८ मध्ये सरकारने तो निष्कर्ष अमान्य केला. काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांनी अहवालाच्या अंमलबजावणीचे आश्वासन देऊन १९९९ ची निवडणूक लढवली. जुलै २००० मध्ये १९९३ मधील अग्रलेखांवरून ठाकरे यांना अटक झाली खरी. परंतु फिर्यादीची मुदत टळली असल्याचे सांगून दंडाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी त्यांना मोकळे केले. खटला पुन्हा उभा राहिला नाही. त्याच दोन पक्षांचे सरकार बारा वर्षांनी मानवंदना देत होते.

सरकारची बाजू दुबळी होती असे मात्र नव्हे. एवढा जमाव शहरात उतरणार हे निश्चित होते. अंत्यविधी आपल्या हाती घेतल्याने पोलीस यंत्रणेला मार्ग, वेळ आणि जागा ठरवता आली, आणि तो दिवस शांततेत गेला. 'इतमाम' या शब्दाचा मूळचा बंदोबस्त हा अर्थ येथे खराच होता. ठाकरे यांनी कोणतेही शासकीय पद कधी घेतले नाही, तेव्हा पदाच्या गैरवापराचा प्रश्न येत नाही, असेही म्हणता येई. पण ते म्हणणे उलटवताही येते: ज्याने पद घेतले नाही त्याला पदाचा इतमाम कशाच्या आधारे? १९९५ च्या सरकारचा दूरनियंत्रक आपल्या हाती असल्याचे ते स्वतःच सांगत. मराठी माणसाच्या नोकऱ्यांचा आणि स्वाभिमानाचा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला, ही कृतज्ञता असंख्य कुटुंबांत अस्सल होती. रस्त्यावर उतरलेले लोक ती व्यक्त करीत होते आणि त्यासाठी त्यांना सरकारच्या बंदुकांची गरज नव्हती.

विरोधाचा सूर काढणारे थोडे होते. प्रेस कौन्सिलचे तत्कालीन अध्यक्ष न्यायमूर्ती काटजू यांनी आपण श्रद्धांजली का वाहू शकत नाही, याविषयी लेख लिहिला. त्यांना काही झाले नाही. झाले ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथील दोन तरुणींना. एका व्यक्तीच्या मृत्यूसाठी शहर बंद का, असा प्रश्न एकीने समाजमाध्यमावर विचारला, दुसरीने त्याला पसंती दर्शवली. १९ नोव्हेंबरला दोघींना अटक झाली. पहिलीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. तिच्या मजकुरात मृताच्या एकाही पूर्वदोषाचा उल्लेख नव्हता, हे विशेष. प्रश्न सुतकाच्या सक्तीचा होता. घरातले सुतक गोत्रापुरते असते आणि ते आप्त आपण होऊन पाळतात. येथे ते रस्त्यावरच्या प्रत्येकाला लागू झाले आणि मोडणाऱ्याला कोठडी मिळाली. प्रकरण अंगाशी आल्यावर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि ज्या ६६अ कलमाचा आधार अटकेसाठी घेतला होता ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. एका अंत्यविधीतून भारतीय कायद्यात झालेला हा कायमचा बदल. राज्याच्या इतमामापेक्षा तो अधिक टिकाऊ ठरला आहे.

शिवाजी पार्कवरील दहनाच्या जागी चौथरा राहावा की न राहावा, यावर पुढचा महिना गेला. मैदानाची परवानगी एका दिवसापुरती होती. डिसेंबरात तो हलवण्यात आला. स्मारकासाठी नंतर जवळच्याच महापौर बंगल्याची जागा ठरली आणि ३१ मार्च २०२१ रोजी तेथे भूमिपूजन झाले.

राहतो प्रश्न अधिकाराचा. राष्ट्रध्वज पार्थिवावर पसरण्याची मुभा १९७१ च्या कायद्याने, २००३ च्या दुरुस्तीनंतर, शासकीय आणि सैनिकी वा निमलष्करी अंत्यविधींपुरतीच दिली आहे. म्हणजे अंत्यविधी शासकीय ठरला की ध्वज आपोआप येतो. पण तो शासकीय कोणी व कोणत्या निकषांवर ठरवावयाचा? फेब्रुवारी २०१८ मध्ये अभिनेत्री श्रीदेवी यांना इतमाम दिला गेला तेव्हा हा प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारला गेला. हा अधिकार महाराष्ट्राच्या कायद्यात आला तो राळेगणच्या उपोषणांच्या रेट्यामुळे, आणि २००५ मध्ये तो देशभर झाला. सामान्य प्रशासन विभागाने कळवले की इतमामाचा निर्णय मुख्यमंत्र्यांचा असतो, आणि या प्रकरणी मुख्यमंत्री कार्यालयाकडून तोंडी सूचना मिळाली होती. सोबत इतमाम मिळालेल्यांची यादी दिली गेली. ती २२ जून २०१२ पासून सुरू होते. मंत्रालयाला आग लागली ती त्याच्या आदल्या दिवशी. तारखांची ही जुळणी योगायोगाचीही असू शकेल. परंतु गौरव कोणत्या गुणांसाठी दिला आणि कोणते दोष बाजूला ठेवून दिला, याची टिपणी फाईलवर लिहिण्याची वहिवाट नसल्याने, जळण्यासारखे तेथे फारसे काही नव्हते.